परातीत काय नव्हतं

चहाचे कप घेऊन मी पोर्चच्या दारात आले, तेव्हा अन्वरकाका गाडीच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसले होते आणि काहीतरी काळं खिशात कोंबत होते. माझी चाहूल लागताच तोच ग्रीसने माखलेला हात त्यांनी वर नेला आणि डोकं खाजवलं.

"साखर कमी घातलीस ना?" त्यांनी विचारलं.

अन्वरकाकांनी जन्मात कधी कमी साखरेचा चहा प्यायला नव्हता. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केलेला माणूस. "आमचाच माल आम्ही नाही खायचा तर कुणी?" म्हणत ते कपात वरून आणखी अर्धा चमचा ओतून घेत. मी कप खाली ठेवले.

बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. झोपेतच गेले. दारात त्यांची मोठी गाडी मेन स्टँडवर तशीच उभी होती, जुन्या चादरीखाली. दिवाळी झाल्यावर आई म्हणाली, "वर्षश्राद्धाच्या आत गाडी चालू झाली पाहिजे. बंद गाडी दारात नको." पुढे काय करायचं ते तिने सांगितलं नाही. मी पुण्याहून सांगलीला आले ते एखाद्या गॅरेजचा माणूस बोलवायचा असं ठरवून. पण त्याआधीच अन्वरकाकांचा फोन आला होता. "गॅरेजला देऊ नकोस तायडे. घरीच करू. मी करतो सगळं."

मला त्यात तेव्हा माया दिसली. मग आल्या आल्या त्यांनी आईला विचारलं, "वहिनी, मधल्या काळात गाडीला कुणी हात लावला नाही ना?" दुपारी परत तेच. संध्याकाळी निघताना पुन्हा. तिसऱ्यांदा मी त्यांच्याकडे नीट बघितलं.

अन्वर मुजावर आणि माझे बाबा, मनोहर शिराळकर, कॉलेजपासूनचे मित्र. दोघांनाही लांबच्या प्रवासाचं वेड. आधी दोघं आपापल्या गाडीवरून जात. पुढे काकू गेल्या आणि अन्वरकाकांनी त्यांची गाडी विकून टाकली. त्यानंतर बाबा एकटेच जायचे. पहाटे जाकीट, बूट, हेल्मेट असा सगळा जामानिमा करून निघायचे. गल्लीतली माणसं फाटकाशी उभी राहून बघायची. बाबा हळूच हात वर करायचे, गल्लीच्या टोकाला गिरणीपाशी वळायचे आणि दिसेनासे व्हायचे. चार-पाच दिवसांनी संध्याकाळी परत. आले की पाणी देण्याआधी आई त्यांच्या हातातलं हेल्मेट घ्यायची आणि ओल्या फडक्याने पुढची काच पुसायची. ते हेल्मेट अजूनही पोर्चमधल्या खिळ्याला होतं. काच लख्ख. खाली त्यांचे बूट होते, डाव्या टाचेला बाहेरच्या अंगाने तिरके झिजलेले. बाबांचं प्रत्येक पायताण तसंच झिजायचं. चांभारसुद्धा म्हणायचा, "साहेबांचा डावा घेतला की वळखू येतोय."

गाडीने ऐंशी हजार किलोमीटरचा टप्पा ओलांडला होता. काम मोठं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन गार असताना अन्वरकाकांनी टॅपेट तपासले. पातळ पट्टी फटीत सरकवून, डोळे मिटून, ती किती अडते ते बोटांनी अजमावत. मग जुनं ऑइल सोडलं. ते डांबरासारखं काळं निघालं. फिल्टर, प्लग, ब्रेकचे पॅड, चेन आणि तिची दोन्ही दातेरी चाकं, म्हणजे स्प्रॉकेट. पुढच्या फोर्कचं तेल मी ओतलं, त्यांनी नरसाळं धरलं. लहानपणी बाबांनी मला पान्यांचे आकडे पाढ्यांसारखे पाठ करून घेतले होते. दहा म्हटलं की दहा, चौदा म्हटलं की चौदा. हात आपोआप जात होता, आणि त्यामुळे डोळे मोकळे होते.

काढलेली प्रत्येक वस्तू परातीत ठेवायची, ही आमच्या घरची रीत. गाडी घेतली तेव्हा आईनेही तिच्या नोकरीतले पैसे घातले होते आणि कागदपत्रं तिच्याच नावावर होती. पूर्वी एकदा एका गॅरेजवाल्याने न बदललेले पार्ट बदलले म्हणून सांगितलं होतं. तेव्हापासून बाबा घरीच काम करायचे आणि काम संपलं की ती पितळी परात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे. "मालकीणबाई, जुना माल तपासून घ्या." आई पदराला हात पुसून यायची आणि भाजी निवडावी तशी एकेक वस्तू उलटसुलट करून बघायची. "हे काय झालं होतं?" असं एकदा तरी विचारायचीच. बाबा सांगायचे. मग जुना माल भंगारात.

तर त्या दुपारी परात गाडीशेजारी होती आणि अन्वरकाकांनी काहीतरी खिशात टाकलं होतं.

चहा पिऊन ते हात धुवायला मागे गेले. मी गाडीभोवती एक फेरी मारली. पुढचे फूटरेस्ट जुने, करडे पडलेले. मागे बसणाऱ्याच्या पायाखालचे दोन्ही मात्र कोरे काळे होते. नव्या रबराचा वाससुद्धा येत होता. परातीत जुने नव्हते.

ते परत आले. मी म्हटलं, "काका, मागच्या फूटरेस्टचे रबर बदललेत का?"

"छे गं. नुसते पुसलेत. रॉकेलनं."

"रबर रॉकेलनं पुसत नाहीत."

"कोण म्हणतं?"

"बाबा. फुगतं म्हणायचे."

त्यांनी हसायचा प्रयत्न केला. "मनोहरनं तुला नको तेवढं शिकवून ठेवलंय. तो तेराचा दे इकडं."

मी तेराचा दिला. पण आता मला दुसरंच काही दिसायला लागलं. मागच्या शॉकअॅब्सॉर्बरच्या स्प्रिंगखाली एक कडं असतं. मागे माणूस असला की ते आवळायचं, एकटं असलं की सैल सोडायचं. तेही बाबांनीच शिकवलेलं. अन्वरकाका हुकाचा पाना घेऊन गुपचूप ते कडं सैल करत होते. ते फिरलं तशी खालची जागा उघडी पडली. तेवढाच धातू चकचकीत होता, बाकी सगळीकडे धुळीचा आणि तेलाचा थर. म्हणजे कडं आवळलेल्या खुणेवर वर्षानुवर्षं बसलेलं होतं.

"एकटे जायचे ना बाबा?" मी विचारलं.

"हं."

"मग हे आवळलेलं कसं?"

"सामान असायचं की. तंबू, पेट्या."

बाबा तंबू कधी नेत नसत. त्यांना लॉजची पांघरुणंसुद्धा टोचायची, ते जमिनीवर कुठे झोपणार?

मी आत गेले. आई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. तिची पाठ खिडकीकडे होती. मला एकदम तिच्याकडे बघवेना. पाठीच्या दुखण्यामुळे आई कित्येक वर्षं त्या गाडीवर बसली नव्हती. मी बाबांच्या खोलीत गेले आणि फोनमधले जुने फोटो काढून बसले. शेवटच्या काही वर्षांतले. बाबा गाडीला टेकून उभे, मागे कासचं पठार. बाबा आंबोलीच्या धबधब्यापाशी. बाबा समुद्रावर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हसताहेत. प्रत्येक फोटो नीट चौकटीत बसवलेला होता. रस्त्यावरच्या परक्या माणसाने काढलेल्या फोटोत डोकं तरी कापलं जातं नाहीतर बोट तरी येतं. आणि परक्या माणसाकडे बघून कुणी तसं हसत नाही.

रविवारी दुपारी मी पुण्याहून बाबांना फोनवर पुस्तक वाचून दाखवायचे. चार वर्षं चाललं होतं ते. "तू वाच, मी ऐकतो. चष्म्याचा कंटाळा येतो," म्हणायचे. आठवड्यातला तो एक तास माझा एकटीचा आहे असं मी मानलं होतं. त्या दुपारी मला वाटलं, बाकीचे तास कुणाचे होते ते मी कधी विचारलंच नाही.

मी बाहेर आले. अन्वरकाका नवी चेन बसवत होते.

"कोण होती?" मी विचारलं.

"आं?"

"मागे कोण बसायची? नाव नका सांगू. आईच्या ओळखीची होती का, एवढंच सांगा."

त्यांच्या हातातली चेन तशीच लोंबकळत राहिली. त्यांनी आधी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं. "हळू बोल जरा. वहिनी आत आहेत."

"म्हणजे आहे कुणीतरी."

"अगं काय बोलतीस तू!"

"मग खिशात काय आहे?"

"तायडे," ते खाली बसले. "तुझ्या बापाला शब्द दिलाय मी. तो मोडायला लावू नकोस."

"बाबा नाहीत आता. आणि संध्याकाळी आई परात बघणार आहे. तुम्ही मला सांगितलं नाहीत, तर मी तिच्यासमोर विचारीन."

मी तसं केलं असतं की नाही, कुणास ठाऊक. आज नऊ वर्षांनीही मला सांगता येत नाही. पण त्यांना ते खरं वाटलं. चेन फडक्यावर ठेवून त्यांनी खिशात हात घातला आणि दोन्ही जुने रबर माझ्या पुढ्यात टाकले.

"बघ मग. नीट बघ. बाईचा पाय आहे का हा?"

उजवा सारखा झिजला होता. वरच्या रेघा पुसट, पण सपाट. डावा बाहेरच्या अंगाने तिरका उतरत गेला होता, सुरीने काप काढावा तसा. मी तो हातात घेतला. मग माझी नजर भिंतीशी ठेवलेल्या बुटांवर गेली.

मी म्हटलं, "बाबा?"

"दुसरं कोण?"

"मागे?"

"मागे. साडेचार वर्षं." त्यांनी नाक पुसलं आणि नाकावर ग्रीसचा पट्टा उमटला. "उजव्या डोळ्याचा पडदा गेला होता त्याचा. मधोमध काळा डाग. डावाही काही खास नव्हता. मिरजेच्या डॉक्टरनं सांगितलं, गाडीला हात लावायचा नाही. रडला नाही, काही नाही. माझ्याकडे आला आणि म्हणाला, अन्वर, तुला अजून चालवता येते का?"

"पण तुम्ही तर गाडी विकली होती."

"गाडी विकली होती. हातपाय नव्हते विकले."

मला हसू आलं, आणि ते हसू मधेच अडकलं.

"गल्लीच्या टोकापर्यंत तो चालवायचा," अन्वरकाका सांगत राहिले. "पहिल्या गिअरमध्ये. गल्ली पाठ होती त्याला. तिथं गिरणीमागं मी पिशवी घेऊन उभा. तो उतरून मागं बसायचा, मी पुढं. येतानाही तिथंच अदलाबदल. आणि मागं बसून गप्प बसेल तर तो मनोहर कसला! गिअर उशिरा टाकतोस. ब्रेक किती दाबतोस. त्या ट्रकच्या मागं काय लग्नाच्या वरातीत चाललायस का? दिसत काही नव्हतं, पण इंजिनाच्या आवाजावरून सगळं कळायचं. अख्खा घाट शिव्या."

"आईला का नाही सांगितलं?"

"आधी म्हणाला, कुमुदला कळलं तर काळजी करील, बंद करायला लावील. मग मी म्हटलं, आता सांग की, मी चालवतो म्हटल्यावर काय काळजी? तर म्हणाला, नको. ती फाटकात उभी असते रे. तिला मी जाताना दिसू दे." ते थांबले. "तो गेला आणि मला एकच घोर लागला. गाडी आज ना उद्या कुणीतरी उघडणार. जुना माल परातीत येणार, वहिनी विचारणार, हे कशानं झिजलं? म्हणून म्हटलं, आपणच करावं."

मी डावा रबर मुठीत धरून बसले होते. रविवारचा तास मला आठवत होता. कंटाळा चष्म्याचा नव्हता.

"परत खिशात टाका," मी म्हटलं.

"आता तूही खोटं बोलणार?"

"मी काहीच बोलणार नाही."

चेन बसली. तिचा ताण बघितला, चाक सरळ केलं, केबलींना तेल सोडलं. उन्हं उतरल्यावर चार्ज केलेली बॅटरी जोडून अन्वरकाकांनी बटण दाबलं. पहिल्यांदा इंजिनाने नुसता खोकला काढला. दुसऱ्यांदा ते धरलं आणि हळूहळू एका लयीत आलं. पोर्चच्या फरशीतून तो आवाज तळपायांना लागला. वर्षभरात घरात इतका मोठा आवाज झाला नव्हता.

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

गाडी बंद करून अन्वरकाकांनी परात उचलली आणि तिच्यापुढे धरली. मालकीणबाई हा शब्द त्यांच्या तोंडून येणार नव्हता. "वहिनी," ते म्हणाले, "जुना माल."

आईने पदराला हात पुसले. प्लग घेतला, त्याचं काळं टोक बघितलं, ठेवला. फिल्टर दाबून बघितला. ब्रेकचे पॅड एकमेकांना लावून बघितले. चेन उचलून तिचं वजन अजमावलं. कसलीही घाई नव्हती.

"एवढंच?"

"एवढंच."

आईने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

"मागचे रबर नवे दिसताहेत," आई म्हणाली. "सकाळी जुने होते. ते परातीत नाहीत."

अन्वरकाका परात धरून उभे होते. दोन्ही हात अडकलेले. मला वाटलं, आता त्यांच्या हातून ती पडेल.

"भावजी, माझ्या गाडीचा माल आहे. द्या इकडं."

परात माझ्याकडे देऊन त्यांनी खिसा रिकामा केला. आईने उजवा रबर बघून बाजूला ठेवला. डावा हातात घेतला आणि त्याच्या तिरक्या कडेवरून अंगठा फिरवला, एकदा, मग परत.

"डावा पाय," ती म्हणाली. "शेवटपर्यंत फेंगडाच टाकला."

"वहिनी, तुम्हाला..."

"कोकणातून आले होते तेव्हा. संध्याकाळची वेळ, दोन्ही बाजूंना ऊस उभा. त्या रस्त्यानं सायकलवरून आलं तरी तोंडात चिलटं जातात. मी काच पुसायला घेतली, तर एक चिलट नाही. मला वाटलं, वाटेत पुसली असेल. पुढच्या खेपेला तेच. मग दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात चहाला, डोळे चोळत. लालभडक झालेले. म्हणालात, कारखान्यात चिलट गेलं डोळ्यात." आई किंचित हसली. "कारखान्यात आता कुठली हो चिलटं? रिटायर होऊन किती दिवस झाले होते तुम्हाला!"

अन्वरकाकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "माझ्या हेल्मेटची काच तुटकी होती," ते पुटपुटले.

"तू बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"ते सांगत नव्हते ना." आईला त्यात समजावण्यासारखं काही वाटत नव्हतं.

"पण तू तर दर वेळी काच पुसायचीस. शेवटपर्यंत."

"पुसायचे की. नसती पुसली तर त्यांना कळलं असतं."

तिने दोन्ही रबर परातीत ठेवले. मग पोर्चमध्ये आली, खिळ्यावरचं हेल्मेट काढलं आणि अन्वरकाकांपुढे धरलं.

"गाडी तुम्ही न्यायची, भावजी. कागद माझ्या नावावर आहेत. मी हिला, वैजूला सांगून तुमच्या नावावर करून देईन."

"नको वहिनी. मी कुठं..."

"पण गिरणीमागून नाही. दळण आणायला गेले होते तेव्हा बघितलंय मी तुम्हाला तिथं. इथून, दारातून चालू करून न्यायची. आज एक फेरी मारून या. कशी चालते ते बघा आणि मला येऊन सांगा."

त्यांनी हेल्मेट घेतलं. घालायला थोडा वेळ लागला, कारण काच वर करून त्यांना आधी डोळे पुसायचे होते. मी फाटक उघडलं. गाडी रस्त्यावर आली तसे समोरचे गोखले गॅलरीत आले, त्यांच्या शेजारच्या बाई झाडू हातात घेऊन थांबल्या. आई फाटकात उभी राहिली, नेहमीच्या जागी. अन्वरकाकांना हात वर करायचं सुचलं नाही. पार गल्लीच्या टोकाला गेल्यावर सुचलं. त्यांनी मागे न बघता डावा हात उंच केला आणि गिरणीपाशी न थांबता वळले.

ते परत आले तेव्हा दिवे लागले होते. अंकलीच्या पुलापर्यंत जाऊन आले म्हणाले. गाडी लोण्यासारखी चालते, फक्त मागचा ब्रेक जरा आवळून घ्यायला हवा. ते सांगत असतानाच आईने त्यांच्या हातातलं हेल्मेट काढून घेतलं. फडकं तिने आधीच ओलं करून कठड्यावर ठेवलं होतं.

मी पुसते म्हणून मी हात पुढे केला. तिने दिलं नाही. पोर्चमधल्या दिव्याखाली काच धरली. उसातले बारीक किडे, एक हिरवा पंख, कसले कसले डाग. ती वरच्या कोपऱ्यापासून पुसायला लागली.

"आज बरीच आहेत," ती म्हणाली.